गल्ल्यावरची यतना



बँकेत रोखपाल असताना नोटा मोजता मोजता मी मनात नवकार जपत असे. वेळेचा सदुपयोग होतो, असा माझा समज होता. एका सायंकाळी रोकड 500 रुपयांनी कमी भरली. ती पदरची घालावी लागली. तेव्हा उमगले, की मोजणीही अर्धी झाली होती आणि जपही.

सामायिकाची 48 मिनिटे आपण निष्ठेने पाळतो. परंतु आसन गुंडाळताच मन मोकाट सुटते. दशवैकालिक सूत्र तर साधूंना चालणे, बसणे, निजणे, जेवणे, बोलणे हे सारे यतनेने करण्यास सांगते. आपल्या वेरूळच्या जैन लेण्यांत अंगावर वेली चढलेले बाहुबली निश्चल उभे आहेत. तेवढी स्थिरता आपल्या ठायी कोठून येणार? मात्र गल्ल्यावर एवढे साधावे : पाऊल टाकताना लक्ष जमिनीवर, बोलताना समोरच्या गिऱ्हाइकावर, वस्तू उचलता-ठेवताना हातावर. ईर्या, भाषा आणि आदान-निक्षेपण या समितींचा गृहस्थाला झेपणारा अभ्यास तो हाच.

आता मोजायला नोटा नाहीत. नातू शाळेतली हकीकत सांगू लागला, की वर्तमानपत्राची घडी करून बाजूला ठेवतो. प्रथम तसे केले, तेव्हा तो बोलायचे थांबून क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिला.