दारूबंदीच्या व्याख्यानानें जें होत नाहीं

दरवर्षीं व्यसनावर एक व्याख्यान देण्याचें काम आमच्या शाळेंत बहुतकरून मजकडे येतें. फळ्यावर यकृताचें चित्र काढावें, दारूपायीं धुळीस मिळालेल्या घरांच्या चार गोष्टी सांगाव्या, आणि शेवटीं मुलांकडून हात वर करवून शपथ घ्यावी, असा तो परिपाठ. पंधरा वर्षें मीं तो इमानानें चालविला. गेल्या वर्षीं शपथेच्या वेळीं नववीच्या वर्गांतील माण गांवचा एक मुलगा मान खालीं घालून तसाच बसून राहिला. मीं त्यास सर्वांसमक्ष उभें केलें, दोन शब्द बोललोंही. चार दिवसांनीं त्याची आई भेटावयास आली, तेव्हां कळलें कीं, ज्या घराची गोष्ट मीं रंगवून सांगितली, तसलेंच त्याचें घर होतें. ती माउली मजवर रागावली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "सर, दारू वाईट, हे आम्हाला ठाऊक हाय. पण त्यांना न्यायचं कुठं, तेवढं सांगा."

याचें उत्तर मजजवळ नव्हतें. यकृताचें चित्र मला डोळे मिटून काढतां येतें. पण तिच्या नवऱ्यास कोठें न्यावें, हें सांगतां येईना.

मग मीं शोध केला. पुण्यास येरवड्याला डॉ. अनिता अवचट यांनीं १९८६ सालीं सुरू केलेलें मुक्तांगण आहे, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या देणगीनें त्याची सुरुवात झाली. तेथें सुमारें पांच आठवडे रोग्यास ठेवून घेतात, आणि व्यसनी मनुष्य हा पापी नसून आजारी आहे, असें मानून त्यास वागवितात. त्याच्या पत्नीच्या मनाचाही विचार तेथें होतो. येरवड्यासच सरकारचें मोठें मनोरुग्णालय आहे. म्हणजे औषध नाहीं असें नाहीं. परंतु माण तें येरवडें हें अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि त्या बाईच्या दृष्टीनें तें याहून फार लांब आहे. तिनें जावयाचें म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणार. नवऱ्यानें पांच आठवडे राहावयाचें म्हणजे कंत्राटदार दुसरा माणूस घेणार. शिवाय येरवड्याचें नांव निघालें कीं शेजारीपाजारीं कुजबूज सुरू होते, ती निराळीच.

वाचकहो, माणचें रूप एका पिढींत किती पालटलें हें आपण पाहतच आहां. जेथें भाताचीं खाचरें होतीं, तेथें हिंजवडीच्या संगणक कंपन्यांच्या कांचेच्या इमारती उभ्या आहेत. कोणाच्या हातीं जमिनीचा पैसा एकदम आला व तसाच गेला. कोणी दूरच्या जिल्ह्यांतून येऊन दहा जणांच्या खोलींत राहतो व रात्रपाळी करितो. चाकणकडील कारखान्यांत प्रेसखालीं एखाद्याचीं बोटें सांपडलीं, तर त्याच्या हातास टांके पडतात. परंतु पुन्हां त्याच यंत्रापुढें उभें राहतांना त्याची छाती कशी धडधडते, हें त्यास विचारतो कोण? रात्रीं झोंप यावी म्हणून तो पितो, आणि आम्ही त्यास दारुडा म्हणून मोकळे होतों.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ मध्यें देशांतील १२ राज्यांत पाहणी केली. तींत दारूच्या विकारानें पीडित असलेल्या शंभर जणांपैकीं सुमारें ८६ जण उपचारावांचून असल्याचें आढळलें. (महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण आपण याहून फार निराळे असूं, असें मानण्यास मला कारण दिसत नाहीं.) हे ८६ जण रुग्णालयें नाहींत म्हणूनच केवळ राहिले असें नव्हे. घराच्या उंबऱ्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत हात धरून नेणारें कोणी नाहीं, हेंही त्याचें मोठें कारण आहे असें माझें मत झालें आहे.

असा हात कोठें मिळाला, तर आपल्या शेजारीं गोव्यांत. तेथील संगाथ संस्थेनें दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्राचे पदवीधर नव्हेत, अशा साध्या माणसांस शिकवून तयार केलें, आणि त्यांनीं पिणाऱ्या पुरुषांशीं फार तर चार वेळां बसून बोलावें, एवढाच उपाय. तीन महिन्यांनीं विचारलें असतां मागील चौदा दिवसांत दारूस न शिवलेले या गटांत शंभरांत ४२ निघाले, आणि नेहमींचाच उपचार मिळालेल्यांत १८. आपल्या नाशिक जिल्ह्यांतील ४१ गांवांतही आत्मीयता या नांवानें गांवकऱ्यांनाच दुःखिताचें ऐकून घेण्यास शिकविण्याचा उपक्रम झाला आहे. मग माणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आठवड्यांतून एक सायंकाळ, पाळी सुटल्यानंतरच्या वेळीं, असा शिकविलेला एक पुरुष व एक स्त्री बसण्यास अडचण ती कोणती?

अर्धवट शिकलेल्यांच्या हातीं माणसाचें मन द्यावें काय, असें माझे एक स्नेही विचारतात. शंका रास्त आहे. जो जीव देण्याची भाषा बोलतो, त्यास डॉक्टरच पाहिजे. तसेंच वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्याची दारू घरच्यांनीं खोलींत कोंडून एकाएकीं तोडली, तर त्यास झटके येतात, भ्रम होतो, कधीं प्राणही जातो. पण नेमकी हीच गोष्ट सांगणारें गांवांत कोणी नसतें, म्हणून तर लोक कोंडतात! शिकलेल्या माणसाचें पहिलें काम आपल्या आवांक्याबाहेरचें काय तें ओळखणें व रोग्यास पुढें धाडणें, हें होय.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें सरकारी खर्चानें चालणाऱ्या ठिकाणीं असा उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा दूरध्वनीही आहे. त्यावर रात्रंदिवस, विनामूल्य व मराठींतही बोलतां येतें. यंदा मीं यकृताचें चित्र काढलें नाहीं. फळ्याच्या कोपऱ्यांत हा आंकडा लिहून ठेविला आहे, आणि शपथ घेणें बंद केलें आहे.

त्या बाईस मीं अखेरीस येरवड्याचा पत्ता दिला. एकदां बरोबर गेलोंही. तिचा नवरा पांच आठवडे राहून आला, दोन महिन्यांनीं पुन्हां प्याला, आणि आतां दुसऱ्यांदा जावयास तयार झाला आहे. मुलगा दहावींत आहे. शनिवारीं शाळा सुटल्यावर ग्रंथालयाशेजारची खोली मोकळी असते. आरोग्य केंद्रांत व्यवस्था होईपर्यंत ज्या पालकांस बसून बोलावयाचें असेल, त्यांनीं तेथें यावें. किल्ली मजकडे असते.