‘ई’ आणि ‘यक’



आजचा आपला शब्द फक्त एका अक्षराचा आहे. ‘ई!’ नाक मुरडून, डोळे बारीक करून म्हणायचा तो. म्हणून बघा बरं एकदा! जमला ना? जमणारच! या शब्दाला कुणाला शिकवणी लावावी लागत नाही.

या एका अक्षराची गोष्ट आज सांगणार आहे. आणि हो, तिच्यात तुमच्या बाईंचीही एक चूक आहे बरं का!

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गात एक नवा मुलगा आला. त्याचं खरं नाव नको, आपण त्याला बंटी म्हणू. बंटीचे आईबाबा मूळचे इथलेच, पण नोकरीसाठी बरीच वर्षं अमेरिकेत, फिलाडेल्फिया शहराजवळ राहिले. बंटीचा जन्म तिथलाच. घरी मराठी बोलत असल्यामुळे भाषेची अडचण नव्हती. अडचणी निघाल्या त्या भलत्याच!

पहिल्या दिवशी शिपाईमामांनी त्याला सांगितलं, "तुझा वर्ग पहिल्या मजल्यावर." प्रार्थना झाली, हजेरी झाली, तरी बंटीचा पत्ता नाही. शोधायला गेले, तर स्वारी तळमजल्यावर दारं मोजत उभी! अमेरिकेत जमिनीलगतच्या मजल्यालाच पहिला मजला म्हणतात. आपला पहिला मजला तो त्यांचा दुसरा. म्हणजे बंटी बरोबर मजल्यावर होता. शाळाच एक मजला वर गेली होती म्हणा ना!

मग पंख्याची गंमत. "बंटी, पंखा लाव रे," म्हटलं, तर तो आपला बटण वर ढकलत बसला. तिथं बटण वर केलं की दिवा लागतो, आपल्याकडे खाली केलं की लागतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं वहीत तारीख घातली, ६/१८. मी लाल पेनानं भला मोठा गोल काढला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, अठरावा महिना कुठल्या कॅलेंडरात असतो?" वर्ग खो खो हसला. बंटी गोरामोरा झाला. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात, हे मला ठाऊक होतं. पण त्या वेळी आठवलं नाही आणि विचारायचंही सुचलं नाही.

आणि मग झाली मधली सुट्टी. बंटीनं डबा उघडला. आत पावाच्या दोन चौकोनी कापांच्या मध्ये काहीतरी तपकिरी आणि काहीतरी जांभळं. शेजारच्यानं विचारलं, "काय आहे रे?"

"पीनट बटर आणि जेली."

"म्हणजे?"

"शेंगदाण्याचं बटर, आणि द्राक्षाचा जॅम असतो ना, तसं."

"ई! शेंगदाण्याच्या चटणीवर जॅम!"

एक ‘ई’ झाला, दोन झाले, मग सगळा वर्ग ‘ई’ करू लागला. खरं सांगू? मीही हसले. बंटीनं डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बाई, भूक नाही." तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या दिवशी त्याची आई भेटायला आली. रागावली नव्हती, पण डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "बाई, तिकडंही असंच झालं होतं. पहिलीत असताना मी त्याला डब्यात भेंडीची भाजी नि पोळी दिली. कुणीतरी नाक धरून ‘यक’ म्हणालं. त्या दिवसापासून तो भाजीपोळीचा डबा नेईना. मग मी तिकडच्यासारखा डबा द्यायला लागले. तो डबा घेऊन आम्ही इकडं आलो, तर इथं ‘ई’! आता या पोरानं जेवायचं कुठं?"

मला उत्तर देता आलं नाही. बघा ना, मुलगा एकच. एका शाळेतून पोळीचा डबा तसाच परत आला, दुसऱ्या शाळेतून पावाचा. तिथं ‘यक’, इथं ‘ई’. शब्द दोन, पण अर्थ एकच!

दुसऱ्या दिवशी वर्गात मी भाषण दिलं नाही. फळ्यावर लिहिलं, ‘शेंगदाणे + गोड’ आणि विचारलं, "गूळ-शेंगदाणे कुणाकुणाला आवडतात?" सगळे हात वर! "चिक्की?" पुन्हा सगळे हात वर, काहींचे तर दोन्ही! "मग बंटीच्या डब्यात काय होतं?"

वर्ग एकदम गप्प. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे त्यांनी चिक्की पातळ करून पावाला लावली!"

आता हसला तो बंटी. चार दिवसांत पहिल्यांदाच!

या पदार्थाचा इतिहासही ऐका. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो जगभर फिरला, आपल्याकडेही येऊन चटणीत, कुटात, चिक्कीत जाऊन बसला. तिकडं १९०१ साली बॉस्टनच्या एका पाककलेच्या मासिकात ज्युलिया डेव्हिस चँडलर या बाईंनी शेंगदाण्याचं बटर आणि जेली एकत्र घालून सँडविच करायची कृती छापली. आज तो तिथल्या शाळकरी मुलांचा अगदी रोजचा डबा आहे.

त्या शनिवारपासून आमच्याकडे ‘अमेरिकेचा तास’ सुरू झाला. गुरुजी बंटी, आणि मदतनीस मी. मग काय, प्रश्नांचा पाऊस!

"हॉट डॉगमध्ये खरंच कुत्रा असतो?" नाही रे बाबा! लांबट पावात मांसाचं सॉसेज घालतात. "बिस्किट मिळतं का?" मिळतं, पण आपलं बिस्किट म्हणजे त्यांची कुकी. त्यांचं बिस्किट म्हणजे मऊ, फुगलेला छोटा पाव. त्यांच्या दक्षिणेकडच्या भागात तो चक्क रश्शाबरोबर खातात. "आणि चहा?" या प्रश्नावर बंटी जोरात हसला. आपल्यासारख्या मसाल्याच्या चहाला तिथं म्हणतात ‘चाय टी’. म्हणजे काय? चहा-चहा!

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिथं थँक्सगिव्हिंग नावाचा सण असतो. सगळं घर एकत्र जेवतं. त्या दिवशीचं खास पक्वान्न म्हणजे भोपळ्याचा पाय! (घाबरू नका, हा चालायचा पाय नव्हे. पाय म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ.) लाल भोपळा, साखर, दूध, अंडी, दालचिनी, आलं, जायफळ असं सगळं त्यात पडतं. "भोपळा आणि गोड? ई..." असं एकानं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याला स्वतःच्याच आजीचे घारगे आठवले! लाल भोपळा आणि गूळ घालून केलेले घारगे तुम्हीही खाल्ले असतील. नसतील तर आजीला नक्की विचारा.

पण सगळ्यात मजा आली ती रूट बिअरची. नाव बिअर असलं तरी त्या पेयात दारू नसते हं! फिलाडेल्फियाच्याच चार्ल्स हायर्स या औषधविक्रेत्यानं ते १८७० च्या दशकात विकायला आणलं. झाडांच्या मुळ्या, साली, पानं यांच्यासारखा त्याचा स्वाद असतो. बंटीची आजी अमेरिकेत गेली तेव्हा एक घोट घेऊन म्हणाली, "अगं बाई, हे गुडघ्याला लावायचं की प्यायचं?" आजीचं नाक चुकलं नव्हतं. विंटरग्रीन नावाच्या वनस्पतीचा जो वास या पेयात असतो, तोच दुखण्यावर चोळायच्या कित्येक मलमांत असतो. आपल्याला त्या वासानं मुरगळलेला पाय आठवतो. तिथल्या मुलांना मात्र उन्हाळ्याची सुट्टी आठवते आणि वर तरंगणारा आइस्क्रीमचा गोळा! वास एकच, आठवणी दोन. मग चूक नाकाची म्हणायची का?

तिथल्या हॉटेलात पाणी मागितलं की निम्मा पेला बर्फच. बाहेर हिमवर्षाव होत असला तरी! यावर वर्ग पुन्हा हसायच्या बेतात होता. तेव्हा मी एक गोष्ट सांगितली. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानं १८३३ साली तिथल्या गोठलेल्या पाण्याचा सुमारे १८० टन बर्फ जहाजात भरून थेट कलकत्त्याला पाठवला. सुमारे चार महिन्यांचा समुद्रप्रवास! तरी शंभरेक टन बर्फ न वितळता पोहोचला. पुढे मुंबईलाही असा अमेरिकेचा बर्फ येऊ लागला. म्हणजे बर्फाचा गोळा चोखताना आपणही अमेरिकेला फार हसायला नको, नाही का?

एका शनिवारी बंटीनं एक फोटो आणला. फिलाडेल्फियात नगरपालिकेच्या भव्य इमारतीसमोर एक शिल्प उभं आहे. कुणाचा पुतळा असेल? सांगा पाहू! राजाचा? सेनापतीचा? छे! तो आहे कपडे वाळत घालायचा चिमटा! उंची किती? ४५ फूट! क्लेस ओल्डेनबर्ग या शिल्पकाराचा हा चिमटा १९७६ मध्ये उभा राहिला. "एवढ्या चिमट्याला चड्डी केवढी लागेल!" आमचा वर्ग पोट धरून हसला. या हसण्याला मात्र मी अडवलं नाही. कारण असं शिल्प करणाऱ्यालाही आपण हसावं असंच वाटत असणार. पण नीट पाहिलं तर त्या चिमट्यात एकमेकांना बिलगलेली दोन माणसंही दिसतात. तुम्हीही दोरीवरचा चिमटा काढून बघा. दिसतात का?

तुम्हांला वाटेल, तिथल्या लोकांना हे सगळं लगेच पटत असेल. तसं मुळीच नाही! अँडी वॉरहॉल या चित्रकारानं १९६२ साली सूपच्या डब्यांची बत्तीस चित्रं लॉस एंजेलिसमध्ये मांडली. सूप बत्तीस चवींचं, म्हणून चित्रं बत्तीस. तेव्हा जवळच्याच एका चित्रविक्रेत्यानं आपल्या दुकानाच्या काचेत सूपचे खरे डबे रचून ठेवले आणि ‘आमच्याकडे स्वस्त मिळतील’ अशी थट्टा केली! आज ती बत्तीस चित्रं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात मानानं ठेवलेली आहेत. म्हणजे ‘ई’ म्हणायला परदेशच लागतो असं नाही. तो शेजारच्या दुकानातूनही येतो!

आणखी एक सांगते. अमेरिकेत नवाहो नावाचे मूळ रहिवासी आहेत. त्यांचे जाणकार लोक रोग बरा व्हावा म्हणून जमिनीवर रंगीत वाळूची चित्रं काढतात. कशी? तर बोटांच्या चिमटीतून वाळू सोडत सोडत. विधी संपला की चित्र पुसून टाकतात. काय आठवलं? अगदी बरोबर, आपली रांगोळी! जॅक्सन पोलॉक हा मोठा चित्रकार कॅनव्हास जमिनीवर अंथरून, त्याच्या चारही बाजूंनी फिरत वरून रंग सांडायचा. आपली ही रीत त्या वाळूच्या चित्रांसारखी आहे, असं त्यानं स्वतःच सांगितलं होतं. इतक्या दूरच्या त्या चित्रांची आणि आपल्या अंगणातल्या रांगोळीची चिमूट मात्र सारखी!

शेवटच्या तासाला एका मुलानं फार चांगला प्रश्न विचारला. "बाई, पण मला एखादी गोष्ट खरंच आवडली नाही तर?"

उत्तर बंटीनं दिलं. त्याच्या तिकडच्या वर्गात एका मुलाला शेंगदाणा चालत नसे. एक दाणा पोटात गेला तरी जिवावर बेतलं असतं. म्हणून त्या मुलासाठी जेवणाचं वेगळं टेबल होतं. तिथल्या कित्येक शाळांत तर शेंगदाण्याला बंदीच असते. बंटी म्हणाला, "तो रोज म्हणायचा, नको, थँक यू. आम्ही घरी मांस खात नाही, मी पण म्हणायचो, नको, थँक यू. त्याचं कुणालाच वाईट वाटायचं नाही."

झालं! आमच्या वर्गाचा नियम तिथंच ठरला. ‘नको’ चालेल, ‘ई’ चालणार नाही. ‘नको’ आपल्याबद्दल सांगतं. ‘ई’ मात्र दुसऱ्याच्या आईनं पहाटे उठून केलेल्या डब्याबद्दल बोलतं.

आता बंटी कधी पोहे आणतो, कधी सँडविच. सँडविचच्या एका तुकड्याला दोन शेंगदाण्याचे लाडू, असा भाव चालू आहे. कारल्याची भाजी त्याला अजून आवडत नाही. पण तो ‘नको’ म्हणतो.

आणि माझी चूक? वहीतला तो लाल गोल काही पुसता आला नाही. म्हणून त्याच्या शेजारी मी त्याच लाल पेनानं लिहिलं, ‘चूक बाईंची.’ वर्गाला वाचूनही दाखवलं.

तर मित्रांनो, या आठवड्याचा उपक्रम. तुमच्या घरातला असा एक पदार्थ शोधा, जो नव्या माणसाला विचित्र वाटेल. तो कसा करतात, हे आईबाबांना किंवा आजीआजोबांना विचारून वहीत लिहा. मग मित्राच्या डब्यातला एक न खाल्लेला पदार्थ, त्याला विचारून, एक घास खाऊन बघा. आवडला तर मागा, नाही आवडला तर ‘नको, थँक यू.’ आणि पालकहो, घरी जेवताना तुमचा स्वतःचा ‘ई’ कुठे निसटतो, ते या आठवड्यात जरा मोजा. मुलं तो तुमच्याकडूनच उचलतात. आम्हां शिक्षकांकडूनही!

पुन्हा भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या,
बाई