गळवाल्यांच्या वह्या

गळ टाकून बसणारा मनुष्य आळशी, असा समज आपल्याकडे आहे. कावेरीकांठची हकीकत वाचल्यावर आम्हांस तो न्याय्य वाटत नाहीं. महाशीर हा मोठ्या खवल्यांचा बलाढ्य मासा. त्यांतही तेथील कुबडा महाशीर म्हणजे त्या नदीचें भूषणच. कावेरीस मिळणाऱ्या कबिनींत १९४६ सालीं १२० पौंडांचा महाशीर सांपडला होता! पुढें तेथील गळाचे शौकीन नाचणीच्या पिठाचा गोळा लावून मासा धरीत, वजन वहींत टिपीत आणि त्यास जिवंत परत सोडीत.

मासे घटूं लागले तेव्हां, १९७० नंतरच्या काळांत, आपल्या लोणावळ्यास टाटांच्या केंद्रांत वाढविलेलीं निळ्या परांच्या महाशीराचीं पिलें कावेरींत सोडण्यांत आलीं. हेतु निर्मळ होता. पण पाहुण्यानें घर बळकावलें. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या वह्या अभ्यासकांनीं तपासल्या, तेव्हां महाशीर संख्येनें वाढलेले, परंतु त्यांत कुबडा विरळ होत गेलेला दिसला. २०१८ सालीं त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. वह्या नसत्या तर कोणास कळलें असतें?

नदींत मासे सोडणें म्हणजे नदीचें रक्षण, हें आम्हांस मान्य नाहीं. समारंभानें मत्स्यबीज सोडण्यापूर्वीं त्या पाण्याचा मूळचा रहिवासी कोण, हें विचारावयास हवें. वाळूचा उपसा व सुरुंगाची मासेमारी बंद करणें हें त्याहून कठीण, म्हणूनच कदाचित् कमी लोकप्रिय! आमच्या विद्यार्थ्यांनीं सुटींत गांवच्या नदीवर खुशाल गळ टाकावा, पालकांनीं रागावूं नये. मात्र कोणता मासा, कोठें, केव्हां, किती वजनाचा, हें वहींत लिहावें आणि ती वही रद्दींत घालूं नये.