यान परत आले, पुढे काय?



ईदची सुट्टी संपवून गावाहून परतलो की अब्बा मोटारसायकल धुतात, ब्रेक तपासतात, ऑइल बदलून आणतात. अवकाशात जाऊन आलेल्या यानाचे काय करत असतील? आमच्या एका छोट्या वाचक मुलीने हा प्रश्न विचारला आहे. वर पुस्तीही जोडली आहे, "तिथे चिखल नसतो, मग धुतात काय?" प्रश्न आम्हाला फार आवडला. उत्तरासाठी आम्ही एकच यान निवडले आहे, अमेरिकेचे डिस्कव्हरी. १९८४ ते २०११ या काळात ते ३९ वेळा अवकाशात गेले आणि ३९ वेळा परत आले.

जून १९८५ मध्ये याच यानातून सौदी अरेबियाचे शहजादे सुलतान बिन सलमान गेले होते. अवकाशात जाणारे ते पहिले अरब आणि पहिले मुसलमान. वय अवघे २८. रमजान संपत आला होता, ईद त्यांना वरच झाली. २४ जूनला डिस्कव्हरी कॅलिफोर्नियात उतरले आणि २७ ऑगस्टला, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांत, दुसरे प्रवासी घेऊन पुन्हा उडाले. या दोन महिन्यांत काय घडते, ते पाहू.

यान थांबले की लगेच कुणी हार घेऊन धावत नाही. यानातले काही इंधन अतिशय विषारी असते. म्हणून अंगभर बंद पोशाख घातलेली, स्वतःची हवा सोबत बाळगणारी माणसे आधी जवळ जातात आणि कुठून वायू गळतो आहे का ते तपासतात. मग यान फ्लोरिडातल्या केनेडी केंद्रात न्यायचे. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा ही अमेरिकेची दोन टोके. यान स्वतः विमानासारखे उडू शकत नाही, म्हणून त्याला चक्क एका बोइंग ७४७ विमानाच्या पाठीवर बसवून नेत. लहान मूल खांद्यावर घ्यावे तसे!

केंद्रातल्या मोठ्या शेडमध्ये खरे काम सुरू होते, आणि त्यातले सर्वांत किचकट काम टाइल्सचे. परतताना यान हवेत इतक्या वेगाने शिरते की त्याचे पोट बाराशे अंश सेल्सियसच्याही वर तापते. आतले अॅल्युमिनियम एवढ्या उष्णतेत टिकणार नाही. म्हणून बाहेरून सुमारे २४,००० टाइल्स चिकटवलेल्या असतात. या आपल्या मोरीतल्या टाइल्स नव्हेत. वाळूत जो पदार्थ असतो, त्याचेच बारीक धागे करून त्या बनवतात आणि त्यांच्यात जवळजवळ नव्वद टक्के पोकळी असते. भट्टीतून लालबुंद टाइल काढली, तरी काही सेकंदांत तिचे कोपरे उघड्या बोटांनी धरता येतात. (घरी तव्यावर हा प्रयोग करू नका, अम्मी आम्हाला पत्र लिहील.)

यानाचा आकार वळणावळणाचा, त्यामुळे टाइल्सही सारख्या नाहीत. प्रत्येकीला स्वतःचा नंबर असतो. कुठे टवका उडाला, कुठली सैल झाली, हे माणसे डोळ्यांनी आणि हातांनी पाहत जातात. शिवाय टाइल्समध्ये पाणी मुरू नये म्हणून औषध भरलेले असते, ते परतीच्या उष्णतेत जळून जाते. पाणी मुरले तर यान जड होईल, आणि वर गारठ्यात त्या पाण्याचा बर्फ होऊन टाइल फुटेल. म्हणून दर उड्डाणानंतर एकेका टाइलला सुईने पुन्हा औषध टोचायचे. हजारो इंजेक्शने! यान दोन आठवड्यांत पुन्हा तयार होईल, असे सुरुवातीला नासाला वाटले होते. ते कधीच जमले नाही. पुढे तर दोन उड्डाणांमध्ये तीन-चार महिने सहज जात. कामगार आळशी होते म्हणून नव्हे, कामच तेवढे होते.

१९९५ साली तर एक गंमत झाली. डिस्कव्हरी उड्डाणासाठी उभे होते. सोबतच्या मोठ्या इंधनटाकीवर फोमचा जाड थर असतो. सुतारपक्ष्यांना ते झाड वाटले असावे. त्यांनी त्यात सुमारे दोनशे भोके पाडली. उड्डाण महिनाभर लांबले. नंतर पक्ष्यांना घाबरवायला तिथे प्लॅस्टिकची घुबडे बसवली!

तुम्ही हसाल, पण हा फोम हसण्याची गोष्ट नव्हे. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान उडताना टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. वजन एक किलोसुद्धा नसेल. काही इंजिनियरांना शंका आली. यानाचे फोटो अवकाशातच काढून घ्या, असे त्यांनी सुचवले, पण ते झाले नाही. १ फेब्रुवारीला परतताना पंखाच्या भोकातून तापलेली हवा आत शिरली आणि यान आकाशातच तुटले. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले.

त्यानंतर अडीच वर्षे एकही शटल उडाले नाही. जुलै २००५ मध्ये पुन्हा सुरुवात केली ती डिस्कव्हरीनेच. कमांडर होत्या आयलीन कॉलिन्स. आता तपासणी जमिनीवर संपत नव्हती. कॉलिन्सबाईंनी अवकाश स्थानकाखाली यानाला सावकाश कोलांटी मारायला लावली आणि स्थानकातल्या माणसांनी त्याच्या पोटाचे फोटो काढले. त्यात दिसले की दोन ठिकाणी टाइल्सच्या फटीत भरलेली पट्टी सुमारे इंचभर बाहेर आली आहे. बाहेर आली इंचभरच, पण तेवढ्यानेही परतीच्या वेळी उष्णता वाढू शकली असती. मग स्टीफन रॉबिन्सन यंत्राच्या लांब हातावर उभे राहून यानाच्या पोटाखाली गेले. कापायची हत्यारे सोबत होती, पण त्यांची गरज पडली नाही. हातमोजे घातलेल्या बोटांनी त्यांनी दोन्ही पट्ट्या हलकेच ओढून काढल्या. यान सुखरूप उतरले.

आता शटल उडत नाहीत. आपल्या इस्रोचे पुष्पक नावाचे छोटे पंखवाले यान मात्र हेच धडे गिरवते आहे. २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटकात चित्रदुर्गजवळ ते हेलिकॉप्टरमधून सोडले, ते आपोआप धावपट्टीवर उतरले, आणि तेच यान जूनमध्ये पुन्हा वापरले. ते अजून अवकाशात गेलेले नाही, त्यामुळे परतीच्या आगीची परीक्षा बाकी आहे.

आणि हो, धुण्याचा प्रश्न राहिलाच. डिस्कव्हरी आज वॉशिंग्टनजवळच्या एका संग्रहालयात उभे आहे. शेवटच्या प्रवासाहून आले तसेच ते जपले आहे. जवळ गेलात तर टाइल्सवर उष्णतेने उठलेले फिकट पट्टे दिसतील. ते कुणी धुतलेले नाहीत.