गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर...

टर्बो डिझेल गाडीचा ईसीयू रिमॅप करायचं डोक्यात आहे? जरा थांबा बॉस! रिमॅपने टॉर्क वाढतो आणि त्याचा पहिला फटका बसतो क्लचला. १ लाख किलोमीटर पळालेली प्लेट घसरायला लागते. वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की आरपीएम चढतो, स्पीड मात्र तिथेच. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि खरी मजुरी त्याचीच. ती दोनदा कशाला भरायची? प्लेट झिजली की त्याच खेपेला जास्त टॉर्क पेलणारा क्लच सेट टाका, रिलीज बेअरिंगही नवं. (पेडल जड होऊ शकतं, ट्रॅफिकमध्ये पिंडऱ्या बोलतील!) पहिले ५०० किलोमीटर शांतपणे चालवा, रिमॅप त्यानंतर. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र हा नाद नकोच.