शनिवार-रविवारचं घर

डोंगर खणून त्यात घर बसवायचं, छपरावर माती नि गवत. उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब. लोणावळ्याकडं जागा घेणाऱ्यांना ही कल्पना भारी आवडते. 'लेण्यांत माणसं राहिलीच की,' असं वर आम्हालाच ऐकवतात.

राहिली ना! कार्ला, भाजे, बेडसे इथं दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी पावसाळे काढले. पण ती लेणी अखंड कातळात आहेत. तुमचा जेसीबी खणतोय तो मुरूम. इथं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाणी प्यायलेला मुरूम जड होतो, सुटतो, आणि पायथा कापलेला असला की सगळा उतार खाली येतो. चीनमधल्या पठारावर मातीत कोरलेली घरं टिकतात, कारण तिथं पाऊसच कमी.

आमचा आजा मिरगाआधी घराच्या वरल्या अंगाला चर मारायचा. पाण्याला वाट करून दिल्यावरच भिंतींची डागडुजी. डोंगराच्या पायाला मात्र कुणाला कुदळ लावू द्यायचा नाही.

३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यातलं, आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. दीडशेवर माणसं गेली.

म्हणून सांगतो, मातीचं घर हवंय तर सपाटीला बांधा, भिंतींना बाहेरून मातीचा भराव द्या, छपरावर गवत वाढवा, गारवा मिळेलच. उतार कापू नका. तुम्ही शनिवारी येता, रविवारी जाता. दरड सुटली तर खाली आमची वाडी झोपलेली असते.