कडूची पारख

दारूविषयी मराठीत दोनच सुरांत बोलले जाते : एक थट्टेचा आणि दुसरा शापाचा. थट्टेचा सूर तमाशातल्या सोंगाड्याने आणि चित्रपटातल्या दारुड्याने सांभाळला. शापाचा सूर १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने इतका उंच लावला, की सुधाकर हे नाव उच्चारले तरी डोळ्यांपुढे पेला उभा राहावा. दोन्ही सूर खरेच आहेत. परंतु पेयाला चव असते, ती बरी किंवा वाईट असते आणि तिच्याविषयी शुद्धीवर राहून चार शब्द बोलता येतात, हा तिसरा सूर आपल्याकडे कधी लागलाच नाही. आता तो लावायला हवा. पुण्या-मुंबईत लहान भट्ट्यांतून बनवलेली ताजी बिअर मिळू लागून पंधराएक वर्षे झाली. तिच्यातली एक जात मुद्दाम कडू केलेली असते. आमच्या शाहूवाडी तालुक्यातली मुले पुण्याला नोकरीला गेली की ती पितात, आणि गावी आल्यावर तिच्याविषयी बोलतात ते मात्र इंग्रजीत.

हा कडूपणा येतो हॉप्स नावाच्या वेलीपासून. तिच्या मादी वेलीवर पोपटी, खवल्याखवल्यांची बोंडे लागतात आणि खवल्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ही वेल आणि गांजा एकाच कुळातले, मात्र गांजाची नशा हिच्यात नाही. मोड आलेल्या सातूचा गोड रस मोठ्या भांड्यात उकळतात. त्यात सुरुवातीलाच टाकलेली बोंडे तासभर शिजली की कडूपणा देतात, अखेरीस टाकलेली वास देतात. काही कारागीर तर रस आंबून थंड झाल्यावर पुन्हा कोरडी बोंडे घालतात. फोडणीतला मसाला आणि वरून पेरलेली कोथिंबीर यांत जो फरक, तोच इथे. कडूपणा मोजण्याचे एककही आहे. लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम कडू द्रव्य म्हणजे एक एकक. नेहमीच्या बिअरमध्ये अशी दहा-वीस एकके असतात, ‘इंडिया पेल एल’ म्हणून मिळणाऱ्या कडू बिअरमध्ये चाळीसपासून सत्तरपर्यंत.

नावातला हा ‘इंडिया’ आपलाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो गावचा हॉजसन नावाचा बिअरवाला ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना आपली पिंपे उधारीवर देत असे. आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने डचमळत ती पिंपे मुंबई-कलकत्त्याला पोहोचत. हॉप्समुळे बिअर टिकते, म्हणून या बिअरमध्ये ती जास्त. पुढे १८२० नंतर बर्टन गावच्या कारखानदारांनी हा व्यापार हॉजसनकडून हिसकावला. ही बिअर गोऱ्या शिपायांसाठी निघाली असे सांगतात, ते काही खरे नव्हे. शिपाई बहुतांशी काळी पोर्टर पीत. फिकट, कडू बिअर परवडे ती कंपनीच्या अधिकाऱ्यांना आणि कारकुनांना. म्हणजे हे पेय जन्मापासूनच कचेरीतल्या पगारदाराचे. आज ते संगणकावर काम करणाऱ्या पगारदाराच्या हाती आले आहे, यात नवल ते काय!

दुसरा धागा तर थेट महाराष्ट्रातून जातो. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सैनिक महिनोन्‌महिने अडकून पडत आणि कंटाळून भ्रमिष्टासारखे वागू लागत. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली’ हा वेडसर या अर्थाचा शब्द रुळला. २००९ साली पुण्यात देशातल्या अगदी पहिल्या लहान बिअर-भट्ट्यांपैकी एक सुरू झाली, तिने हेच नाव घेतले. आपले गाव इंग्रजांच्या कोशात जाऊन वेडे ठरले आणि बिअर होऊन घरी परतले.

एवढे सगळे असूनही ही बिअर प्यायला बसलेला आपला माणूस बुजतो. मी स्वतः कधीमधी घेणारा, वर्षातून आठ-दहा वेळा, तेही बरी सोबत असली तर. पुण्यात अशा एका ठिकाणी भाच्याबरोबर गेलो. लाकडी फळीवर चार छोटे पेले आले, सोबत एक कार्ड. कार्डावर सिट्रसी, रेझिनस, ट्रॉपिकल असे शब्द. भाचा म्हणाला, ‘‘मामा, ह्यात ग्रेपफ्रूट लागतंय का बघा.’’ मी म्हटले, ‘‘अरे, पपनस म्हण की!’’ त्याने ग्रेपफ्रूट कधी खाल्लेले नव्हते आणि पपनस लहानपणापासून खाल्लेले होते. तरी जिभेवर जे होते ते सांगायला तो न पाहिलेल्या फळाचे नाव शोधत होता.

माझे म्हणणे एवढेच आहे, की कडूची पारख करायला आपल्याला उसन्या जिभेची गरज नाही. पाडव्याला कडुलिंबाचा कोवळा पाला गुळाबरोबर चावून वर्ष सुरू करणारा हा समाज. कडू, कडसर, कडवट, कडूजहर अशा पायऱ्या आपल्या बोलण्यात तयार आहेत. मेथीचा कडूपणा भाकरीबरोबर विरून जातो, कारल्याचा रेंगाळतो, काडेचिराइताचा घशात ठाण मांडतो, आणि हिरडा चावला तर कडूपेक्षा तुरटच अधिक. त्या चार पेल्यांपैकी एकात पपनसाच्या सालीचा वास होता आणि कडूपणा मेथीसारखा वेळेवर निघून गेला. ती चांगली बिअर. दुसरीत कडूपणा काढ्यासारखा बसून राहिला आणि मागे गोडवा काहीच नव्हता. ती माझ्या हिशेबी फसलेली, मग कार्डावर एककांचा आकडा कितीही मोठा असो.

या आकड्यांची शर्यत अमेरिकेत लागली होती. तिथे १९७२ मध्ये ‘कॅस्केड’ नावाची सुवासिक हॉप्स लागवडीस आली आणि १९८० च्या सुमारास छोट्या कारखानदारांनी तिच्या जोरावर बिअरचा नवा पंथ काढला. मग कोणाची अधिक कडू यावर पैजा सुरू झाल्या. कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला नको. बाहेरगावच्या हॉटेलात ‘कोल्हापुरी’ लिहिले की डोळ्यांतून पाणी काढणारा लाल रस्सा पुढे येतो. आमचा तांबडा रस्सा मसाल्याच्या स्वादासाठी असतो आणि शेजारी पांढरा असतो, हे त्या आचाऱ्याच्या गावीही नसते. कडू असो वा तिखट, नुसत्या जोराला चव म्हणत नाहीत.

परीक्षकांनाही हे ठाऊक आहे. बिअर-परीक्षकांची एक संस्था अमेरिकेत १९८५ पासून आहे. तिच्या पत्रिकेत पन्नास गुण : चवीला वीस, वासाला बारा, तोंडातल्या स्पर्शाला पाच, एकूण मताला दहा आणि रंगरूपाला अवघे तीन. हे वाचून मला आमचा गुळाचा सौदा आठवला. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु बाजारात भाव ठरतो तो बराचसा रंगावर. पिवळाधमक रवा दिसला की बोली चढते. म्हणून गुऱ्हाळात रंग उजळणारी रसायने शिरली आणि काळसर पण चवीचा गूळ मागे पडला. गिऱ्हाईक डोळ्यांनी पारख करू लागले की माल डोळ्यांसाठीच बनू लागतो. बिअरचेही तसेच होईल. तिच्या फोटोलाच दाद मिळू लागली तर फेस झकास येईल आणि आत काही नसेल.

म्हणून कधीमधी घेणाऱ्याने काही साध्या गोष्टी पाहाव्यात. बाटलीवरची तारीख पाहावी. हॉप्सचा वास काही महिन्यांत उडतो, ही बिअर मुरवून ठेवायची नव्हे. दुकानात उन्हात मांडलेली हिरवी किंवा पांढरी बाटली घेऊ नये. उजेडाने हॉप्समधले द्रव्य बिघडून कुबट वास सुटतो, तपकिरी बाटलीत तो धोका कमी. बर्फासारखी गार पिऊ नये, गारठ्याने जीभ बधिर होते. पेल्यात ओतून आधी वास घ्यावा, मग घोट. आणि शेवटचा घोट गरम झाल्यावरही बरा लागला तर बिअर चांगली, असे खुशाल म्हणावे. तज्ज्ञ दोष कुठे आहे ते सांगेल, पण पुन्हा घ्यावीशी वाटते का, हे पैसे देणाराच सांगू शकतो.

आता आक्षेप. मी बँकेत नोकरी केली, थकबाकीच्या वसुलीसाठी वाड्यावस्त्यांवर गेलो. कर्ज पिकाने बुडवले आणि कर्ज बाटलीने बुडवले, यांतला फरक उंबऱ्यातच कळे. दुसऱ्या घरात बाई बोलत नसे. ‘आडवी बाटली’ला मतदान करून गावातले दुकान बंद करणाऱ्या बायांपुढे पपनसाच्या वासाचे कौतुक सांगायचे म्हणजे निर्लज्जपणाच, असे कोणी म्हटले तर मी ते झटकून टाकणार नाही. चवीची पारख व्यसन सोडवत नाही. उत्तम पारख असलेली माणसेही वाया गेली आहेत.

तरीही मला वाटते, की या दोन गोष्टींचा संबंध आहे. आपल्या देशात खपणाऱ्या बिअरमध्ये मोठा वाटा ‘स्ट्राँग’चा, म्हणजे आठ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेल्या बिअरचा. गिऱ्हाईक काउंटरवर हिशेब करते तो रुपयामागे किती चढते याचा. ज्या मालाची चव कोणी विचारत नाही, त्यात चव घालण्याचे कारण कारखानदाराला उरत नाही. मग उरते फक्त नशा, आणि नशेला ‘पुरे’ हा शब्द माहीत नसतो. चवीला तो माहीत असतो, कारण तिसऱ्या पेल्याला जीभ थकते.

दुसरी अडचण पैशाची. शहरातल्या त्या एका पेल्याला जे पडते, ते आमच्याकडे शेतमजुराच्या दिवसाच्या मजुरीच्या आसपास जाते. त्यामुळे चव ही श्रीमंताची आणि नशा ही गरिबाची, अशी वाटणी होऊ घातली आहे. ती मला मान्य नाही. काहिलीतल्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी चाचपणारा आमचा गुळव्या कोणत्याही परीक्षकाइतका तयारीचा आहे. त्याच्या जिभेची लायकी त्याच्या खिशावर ठरवणारे आपण कोण?

म्हणून पुण्याहून येणाऱ्या मुलांना माझे सांगणे, की प्यायची तर थोडी प्या, चाखून प्या, टक्के आणि किंमत वाचून प्या. आणि कशी लागली ते घरात सांगता येईल अशा मराठीत सांगा. ज्या गोष्टीविषयी घरात बोलता येते, ती लपून करावी लागत नाही. आणि जे लपून करावे लागत नाही, ते ओंजळीने ढोसण्याचीही घाई नसते.